जुनी पेट्रोल गॉल्फ कार्ट: इंजिन विकत घ्यायच्या आधी

आम्ही राहतो त्या पीचट्री सिटीत (जॉर्जिया, अटलांटाच्या दक्षिणेला) गॉल्फची काठी कधी हातात न धरलेल्यांच्या दारातही गॉल्फ कार्ट उभी असते. गावभर शंभर मैलांच्या आसपास कार्टचे वेगळे रस्ते आहेत. दूध आणायला, मुलांना पोहायला सोडायला मोटार काढावीच लागत नाही. तीन वर्षांपूर्वी मी १९९५ ची पेट्रोलवर चालणारी क्लब कार डीएस (क्लब कार ही कंपनी, डीएस हे मॉडेल) ६०० डॉलरना घेतली. (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, त्यामुळे 'गॅस कार्ट' ऐकून सिलिंडर डोळ्यांसमोर आणू नका.) विकणारा म्हणाला, इंजिन गेलंय, नवं टाका. मी त्याच रात्री नव्या इंजिनांच्या किमती बघायला बसले.

बाबांना व्हिडिओवर गाडी दाखवली. इचलकरंजीत त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. यंत्रमागाचे सुटे भाग आणि आसपासच्या शेतकऱ्यांची डिझेल इंजिनं, दोन्ही कामं चालायची. ते म्हणाले, "इंजिन गेलं म्हणून कुणी सांगितलं तुला? उघडून बघितलंस काय? आणि ब्रेक लागतात काय, ते सांग आधी." ब्रेक लागत नव्हते. म्हणून इथे आधी तपासणी, मग ब्रेक आणि शेवटी नवं इंजिन, याच क्रमाने लिहिते आहे.

पहिल्यांदा गाडी कुठल्या सालची हे नक्की करा. क्लब कारवर अनुक्रमांकाची पट्टी असते. माझ्यावर एजी ९५ ने सुरू होणारा आकडा होता: एजी म्हणजे पेट्रोलची डीएस, ९५ म्हणजे साल. सुटे भाग मागवताना हाच आकडा लागतो. रंग आणि बॉडीवरून साल ओळखू नका, जुन्या कार्टना नव्या बॉड्या सर्रास चढवलेल्या असतात.

आता ही गाडी सुरू कशी होते ते समजून घ्या, कारण मोटारीत मुरलेला माणूस इथेच फसतो. बहुतेक पेट्रोल कार्ट उभी असताना इंजिन बंद असतं. पेडल दाबलं की मायक्रोस्विच (पेडलने दबणारा छोटा स्विच) सोलेनॉइडला (जास्त वीज सोडणाऱ्या मोठ्या स्विचला) वीज देतो, सोलेनॉइड स्टार्टर-जनरेटरला देतो, आणि तो पट्ट्याने इंजिन फिरवतो. इंजिन धरलं की तोच डबा उलट काम करून बॅटरी भरतो. पाय काढला की इंजिन बंद. इंजिन चालू असताना त्याच्यावरचा क्लच फेऱ्या वाढल्या की दुसरा, चाकांकडे जाणारा पट्टा आवळतो आणि मागच्या क्लचमार्फत चाकं ओढतो. गिअर म्हणाल तर पुढे आणि मागे, एवढंच. म्हणजे 'गाडी सुरू होत नाही' या एका तक्रारीमागे बॅटरी, सडलेली केबल, मायक्रोस्विच, सोलेनॉइड, जनरेटरचे ब्रश किंवा ढिला पट्टा, यांतलं काहीही असू शकतं. यातल्या एकाचाही इंजिनाशी संबंध नाही.

आणखी एक. पेडलला चुकून गुडघा लागला तरी इंजिन फिरतं. त्यामुळे हात घालण्याआधी किल्ली काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. मागची चाकं जॅकवर नाही, स्टँडवर ठेवा, आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावा.

माझी गाडी नवी बॅटरी लावल्यावर सुरू झाली, पण निळा धूर इतका की शेजारीण बघायला बाहेर आली. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण लगेच पिस्टनच्या रिंगांवर खापर फोडू नका, आधी डिपस्टिक बघा. या छोट्या इंजिनांत ऑइल जास्त झालं तरी ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) वर चढून जळतं, आणि कार्टमध्ये ही चूक मी वारंवार बघितली आहे. माझ्यातही ऑइल खुणेच्या बरंच वर होतं, शिवाय त्याला पेट्रोलचा वास येत होता. इथला पेट्रोल पंप क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागाच्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल त्याच नळीतून ऑइलमध्ये उतरतं. पंप बदलला, ऑइल बदललं, कार्ब्युरेटर उघडला. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि उभ्या गाडीत कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चिकटवून टाकतं. जेट साफ करायला क्लीनरचा फवारा आणि विजेच्या तारेतली एक बारीक तांब्याची काडी पुरे. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं.

धूर निम्म्यावर आला, पण राहिला. मग खरी तपासणी. नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका: अशा बऱ्याच इंजिनांत सुरू होताना ओझं कमी करायला कॅमवर डीकॉम्प्रेशनची सोय असते, त्यामुळे धडधाकट इंजिनही आकडा कमी दाखवतं. गळतीची चाचणी करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा) पक्का धरा (हवेच्या दाबाने तो झटक्यात फिरतो, बोटं सांभाळा), प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक वॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). माझी हवा ऑइलच्या तोंडातून येत होती. विकणारा खरं बोलला होता, पण आता ते मला माझ्या कानांनी कळलं होतं.

इथेच थांबा आणि गाडीकडे वळा. या कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही केबलवर ओढले जाणारे ड्रम. माझ्या एका बाजूची केबल आतून गंजून धरली होती. दोन्ही केबल, शू आणि स्प्रिंगा बदलल्या. किंगपिनचे (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळ्यांचे) बुश बदलले, टायर घेतले, मागच्या धुऱ्याचं ऑइल बदललं. क्लब कारची चेसिस अॅल्युमिनियमची असते, म्हणून तीस वर्षांनीही गंज नव्हता. लोखंडी चेसिसची कार्ट घेत असाल तर बॅटरीखालचा भाग स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. इंजिनावरचा क्लच धूळ उडवून कोरडाच ठेवा. त्याला ऑइल, ग्रीस काही लावायचं नाही, धूळ चिकटून तो अडकतो. आणि तो काढताना हातोडा अजिबात नको. योग्य मापाचा पुलर बोल्ट मागवा. हातोड्याने क्रँकशाफ्ट वाकला की दुरुस्त होऊ शकणारं इंजिनही हातचं जातं.

मग इंजिनाची निवड. माझ्या गाडीत कावासाकीचं एफई२९० होतं: २८६ सीसी, ९ हॉर्सपॉवर, एक सिलिंडर. समोर चार रस्ते होते. तेच इंजिन बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालणं, त्याच घराण्यातलं थोरलं एफई३५० बसवणं, बाजारातलं ४२० सीसीच्या आसपासचं एका सिलिंडरचं औद्योगिक इंजिन घेणं, किंवा दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन.

व्ही-ट्विनचा मोह मला कळतो. चढावर चौघांना घेऊन जाताना ताकद हवीच असते. पण मागच्या दोन ड्रमांवर थांबणाऱ्या गाडीला २२ हॉर्सपॉवर कशाला? चेसिस उंच केलेली, मोठ्या टायरची, शेतावर ओझी ओढणारी कार्ट असेल तर गोष्ट वेगळी. कायद्याचंही बघा: सपाट रस्त्यावर ताशी २० मैलांच्या वर, २५ मैलांपर्यंत पळणारी गाडी अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत 'कमी वेगाचं वाहन' ठरते, आणि तिला दिवे, आरसे, सीट बेल्ट हे सगळं लागतं.

औद्योगिक इंजिन घेणार असाल तर हॉर्सपॉवरच्या आधी शाफ्ट बघा. माझा जुना क्लच टेपर (निमुळत्या) शाफ्टवर बसतो, आणि या इंजिनांना सहसा १ इंचाचा सरळ, की-वे (चावीची खाच) असलेला शाफ्ट असतो. म्हणजे नवा क्लच आला, त्याचा खर्च इंजिनाच्या किमतीत धरा. मग फिरण्याची दिशा. शाफ्टकडे तोंड करून बघितलं तर बहुतेक औद्योगिक इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. तुमचं जुनं इंजिन कसं फिरायचं ते खोलण्याआधीच बघून लिहून ठेवा, नाहीतर पुढचा गिअर टाकल्यावर गाडी मागे जाईल. तिसरं, सुरू कसं करणार? स्टार्टर-जनरेटर बसवायला जागा नसेल तर किल्लीने सुरू करून इंजिन चालतं ठेवावं लागतं. मग आयडलच्या फेऱ्या क्लच धरणार नाही इतक्या खाली हव्यात. क्लच जरा जरी ओढत राहिला तर पुढे-मागे करताना गिअर करकरतात, आणि आज ना उद्या दात जातात.

या इंजिनांचा गव्हर्नर (फेऱ्यांना मर्यादा घालणारी यंत्रणा) साधारण ३६०० फेऱ्यांवर लावलेला असतो. तो काढून वेग वाढवायला सांगणारे बरेच भेटतील. कृपा करून काढू नका. आतला कनेक्टिंग रॉड आणि बिडाचं फ्लायव्हील त्याहून फार जास्त फेऱ्यांसाठी केलेले नसतात. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे तुम्ही बसलेल्या सीटच्या खालून निघतात.

मी एफई३५० घेतलं, क्लब कारच्याच माल वाहणाऱ्या गाडीतून निघालेलं, जुनं. ११ हॉर्सपॉवर, ठेवण तीच, माझा क्लच आणि पेडलची सोय तशीच राहिली. विकत घेण्याआधी विकणाऱ्याच्या दारात गळतीची चाचणी केली. तो कुरकुरला, पण मी हटले नाही. जुनं इंजिन घेताना ही चाचणी करू देत नसतील तर परत या.

बसवताना दोन्ही क्लचमधलं अंतर आणि त्यांची सरळ रेषा जुन्यासारखीच ठेवा. खोलण्याआधी मी एका लाकडी पट्टीवर खुणा केल्या होत्या, त्याच वापरल्या. पट्टा वाकडा धावला तर काही आठवड्यांत किनारीवरून सुटायला लागतो. नवा पट्टा घालाच, जुना बघायला बरा दिसला तरी. टेपर शाफ्ट आणि क्लचचं तोंड पेट्रोलने पुसून अगदी कोरडं करा, बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. पेट्रोलची सगळी नळी बदला, क्लॅम्पसकट.

पहिल्या दिवशी गल्लीतच फिरा, एकटीने, ब्रेक दाबत दाबत. तासाभराने गाडी गार झाली की इंजिनाचे माउंटिंग बोल्ट आणि सायलेन्सरचे नट पुन्हा आवळा. माझे दोन ढिले निघाले होते. इंजिन बोअर केलेलं किंवा कोरं असेल तर पहिलं ऑइल २० तासांत बदला, आणि भरताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या किंचित खालीच थांबा.