पुनर्विकासात संदर्भ विभाग सांभाळताना: आधी प्रश्नांची वही

ग्रंथालयाची इमारत पाडायची ठरली आणि संदर्भ विभाग तुमच्याकडे असेल, तर खोकी मागवण्याआधी एक वही आणा. मी आणली नव्हती.

वास्तुविशारदांनी विचारलं, "संदर्भाला किती जागा?" मी कपाटं मोजली, खुर्च्या मोजल्या, आकडा दिला. आमच्या नोंदवहीत सह्या होत्या त्या बसून वाचणाऱ्यांच्या. उभ्या उभ्या विचारून जाणाऱ्यांची नोंदच नव्हती: नावबदलाचं राजपत्र शोधणारी मुलगी, जमिनीच्या वादासाठी जुन्या दैनिकातली जाहीर नोटीस हवी असलेला शेतकरी, 1880च्या रत्नागिरी गॅझेटियरात (जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथात) गावाचं नाव बघायला आलेले आजोबा. ही माणसं कागदावर नव्हती, त्यामुळे आराखड्यातही आली नाहीत. संदर्भाचं टेबल तिसऱ्या मजल्यावर वाचनकक्षात गेलं, ग्रंथ तळमजल्याच्या भांडारात. एक खंड आणायला तीन जिने. तोवर वाचक निघून गेलेला असतो.

नंतर बदलू म्हणाल, तर ते होत नाही. भारतीय मानकात ग्रंथभांडारासाठी 2.2 मीटर उंचीपर्यंत दर चौरस मीटरला 6 किलोन्यूटन (सुमारे सहाशे किलोचा) भार धरतात. साठवण वेगळी असलेल्या वाचनकक्षाला 3. आमचा वरचा मजला 3चा. कपाटं वर नेता येत नाहीत, आणि भांडारात वाचकाला खुर्ची टाकायला जागा नाही.

म्हणून दोन महिने प्रत्येक प्रश्न लिहा: काय विचारलं, कशात सापडलं, किती वेळ लागला. "अभ्यासिकेत जागा आहे का?" हे वेगळ्या रकान्यात. स्पर्धा परीक्षेच्या मुलांची गर्दी संदर्भप्रश्नांत मिसळली की आकडा फुगतो आणि जागा पुन्हा खुर्च्यांनाच जाते.

"सगळं स्कॅन करू, टेबल कशाला?" असं सुचवणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. स्कॅन हवंच, पण नोटीस कुठल्या दैनिकात, कुठल्या महिन्यात शोधायची हे वाचकाला माणूसच विचारतो. मला हे शिबिरांत कुणी शिकवलं नाही, आमच्या शिपाईमामांनी शिकवलं. लोक कुठला ग्रंथ कुठल्या नावाने मागतात, ते त्यांना पाठ होतं. असे मामा निवृत्त होण्याआधी त्यांच्याजवळ बसा.

उशीर झाला असला तरी खचू नका. मी वही नव्या इमारतीत सुरू केली. त्यातून सर्वांत जास्त लागणारे चाळीस खंड निघाले. संरचना अभियंत्यांना विचारून ते टेबलामागच्या बुटक्या मांडणीत ठेवलेत.