फोर्सिथियाची छाटणी कधी करायची?

फोर्सिथिया म्हणजे पिवळ्या फुलांचं एक झुडूप. तिला रोज किमान 6 तास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जागा द्या; मातीचे तिचे फारसे चोचले नसतात. कडाक्याची थंडीही सोसते. घोळ होतो तो छाटणीत. पानं फुटायच्या आधी उघड्या काड्यांवर चार पाकळ्यांची पिवळी फुलं येतात, ती गेल्या वर्षीच्या फांद्यांवर. हिवाळ्यात कात्री चालवली की कळ्याच गेल्या! म्हणून बहर ओसरला की लगेच छाटा: सगळ्यात जुन्या, खरखरीत सालीच्या फांद्यांपैकी साधारण चौथा हिस्सा थेट बुडाशी कापायचा. वरून गोल कुरतडलेलं झुडूप मला तरी बघवत नाही. दुसरं रोप हवंय? खालची फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा. मुळं धरली की तोडून लावा.