स्पॅनिशमधलं ‘ले’ कुठे लावायचं: मराठी डोक्यानं शिकणाऱ्यांसाठी

आपल्याकडे बहुतेक जण स्पॅनिश शिकतात ती इंग्रजी पुस्तकांतून. ‘मला’, ‘तुला’, ‘त्याला’ यांच्या धड्यात नेमका तिथेच गोंधळ होतो. इंग्रजीत विभक्ती जवळजवळ उरलेलीच नाही, त्यामुळे ती पुस्तकं पानंच्या पानं खर्चून जे समजावतात ते आपण शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यातच शिकलेलो असतो. मराठी माणूस जिथे खरोखर अडकतो, त्याबद्दल मात्र ती अवाक्षर काढत नाहीत.

वर्तमान आणि साधा भूतकाळ तुम्हाला चालवता येतो असं धरतो.

१. सहा रूपं पाठ करा. ‘मे’ (मला), ‘ते’ (तुला), ‘ले’ (त्याला, तिला, आदरार्थी तुम्हाला), ‘नोस’ (आम्हाला, आपल्याला), ‘ओस’ (तुम्हा सगळ्यांना, फक्त स्पेनमध्ये), ‘लेस’ (त्यांना, लॅटिन अमेरिकेत तुम्हा सगळ्यांनाही). ‘ले’ला लिंग नाही. मुलगा असो की मुलगी, ‘ले’च.

२. ‘आवडणे’ थेट मराठीतून उचला. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे मला कॉफी आवडते. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे मला आंबे आवडतात. आवडणारा चतुर्थीत, क्रियापद आवडलेल्या वस्तूप्रमाणे. ‘कॉफी मला आनंद देते’ असा द्राविडी प्राणायाम इंग्रजीवाल्यांना लागतो, तुम्ही करू नका. ‘मे पारेसे’ म्हणजे मला वाटतं, तेही तसंच. फक्त प्रत्येक ‘मला’ला ‘मे’ लावत सुटू नका. मला भूक लागली, मला वेळ आहे, मला दोन मुलं आहेत, या तिन्ही ठिकाणी स्पॅनिश माणूस सरळ ‘तेंगो’ म्हणतो, म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’.

३. ‘ले’ की ‘लो’/‘ला’? खरी मेख इथे आहे. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला.

मराठीत ‘मी तिला पुस्तक दिलं’ आणि ‘मी तिला पाहिलं’ या दोन्हींत ‘तिला’ एकच. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘ले दी एल लिब्रो’ आणि दुसरं ‘ला वी’. देताना ती अप्रत्यक्ष कर्म असते, म्हणून ‘ले’; पाहताना प्रत्यक्ष, म्हणून ‘ला’ (पुरुष असता तर ‘लो’). स्पॅनिश तरी निदान मदत करेल म्हणावं, तर तीही नाही: माणूस प्रत्यक्ष कर्म असला तरी त्याच्याआधी ‘आ’ लागतोच. ‘वेओ आ मारिया’ म्हणजे मारियाला बघतो, ‘एस्क्रिबो आ मारिया’ म्हणजे मारियाला लिहितो. म्हणून ‘जिथे आ तिथे ले’ हा क्लासांमधून सर्रास सांगितला जाणारा नियम सरळ चुकीचा आहे. वहीत लिहून घेतला असेल तर खोडा. शिवाय स्पॅनिश ‘ला’ आणि आपला ‘ला’ प्रत्यय यांचा काडीचाही संबंध नाही, पण कानाला ते सारखे लागतात आणि ‘तिला’ म्हणताना तोंडातून आपसूक ‘ला दी एल लिब्रो’ निघतं. हे माद्रिद आणि कास्तियाच्या भागात काही स्पॅनिश लोकही बोलतात, पण प्रमाण भाषेत चालत नाही. परीक्षेत गुण जातील.

मग ओळखायचं कसं? इंग्रजीतलं ‘टू’ शोधा हा सल्ला निरुपयोगी, कारण ‘विचारणे’ला इंग्रजीत ‘टू’ नसतो आणि स्पॅनिशमध्ये मात्र ‘ले प्रेगुन्ते’च म्हणतात. मी वापरतो ती कसोटी मराठीच्या आतली आहे: माणूस काढा, त्या जागी निर्जीव वस्तू किंवा संस्था ठेवा, आणि मराठी ‘ला’ टिकतो का बघा.

मी मारियाला शोधतोय. मी किल्ली शोधतोय. ‘ला’ गळाला, म्हणजे प्रत्यक्ष कर्म: ‘ला बुस्को’. मी मारियाला ओळखतो, मी हा आवाज ओळखतो. गळाला: ‘ला कोनोस्को’. आता मी मारियाला विचारलं, मी बँकेला विचारलं. टिकला: ‘ले प्रेगुन्ते’. मी मारियाला पत्र लिहिलं, मी बँकेला पत्र लिहिलं. टिकला: ‘ले एस्क्रिबी’. सांगणे, देणे, पाठवणे, सगळीकडे टिकतो आणि सगळीकडे ‘ले’ येतं. मराठीत निर्जीव प्रत्यक्ष कर्माला सहसा प्रत्यय लागत नाही, चतुर्थीचा मात्र हटत नाही. कसोटी चालते ती त्यामुळे.

ती कुठे फसते तेही ऐका. नाम जोडून झालेली मराठी क्रियापदं दगा देतात. ‘संग्रहालयाला भेट दिली’ इथे ‘ला’ टिकतो, पण तो ‘देणे’मुळे, स्पॅनिश ‘व्हिसितार’ला प्रत्यक्ष कर्म लागतं, म्हणून मारियाला भेट दिली तर ‘ला व्हिसिते’. ‘मदत करणे’चंही तसंच: ‘आयुदार’बरोबर ‘ला’ आणि ‘ले’ दोन्ही ऐकू येतात आणि दोन्ही चालतात. ‘वाट पाहणे’त मराठी ‘ला’ मुळातच नाही, तरी ‘ला एस्पेरो’. उलट ‘पेगार’ म्हणजे मारणे. ‘बॉल मारला’त ‘ला’ गळतो, पण मुलाला मारलं तर ‘ले पेगो’. एवढे चार अपवाद वेगळे पाठ करा. चाळीस क्रियापदांच्या याद्या पाठ करणाऱ्यांना मी बोलताना अडखळतानाच पाहिलंय.

स्पेनमध्ये कुणी ‘त्याला पाहिलं’साठी ‘ले वी’ म्हणालं तर कसोटी मोडीत काढू नका. एकट्या पुरुषासाठी हा वापर स्पॅनिश अकादमीला मान्य आहे. तुम्ही ‘लो वी’ म्हणा, ते सगळीकडे चालतं.

४. जागा. चालवलेल्या क्रियापदाच्या आधी, सुटं: ‘ते दोय’. होकारी आज्ञेच्या शेपटीला चिकटवून: ‘दामे’. नकारात पुन्हा आधी: ‘नो मे देस’. ‘किएरो देसिर्ते’ आणि ‘ते किएरो देसिर’ दोन्ही ठीक.

५. दोन्ही सर्वनामं एकत्र आली तर अप्रत्यक्ष आधी: ‘मे लो दियो’, त्यानं ते मला दिलं. आणि ‘ले’ किंवा ‘लेस’च्या पुढे ‘लो’, ‘ला’, ‘लोस’, ‘लास’ आलं की त्याचं ‘से’ होतं: ‘से लो दी’. दोन ‘ल’ शेजारी आले की कानाला खटकतं म्हणून असं होतं, हे स्पष्टीकरण जवळजवळ प्रत्येक वर्गात ऐकायला मिळतं. पटण्यासारखं नाही. ‘लेलो’ हा शब्दच स्पॅनिशमध्ये आहे, अर्थ बावळट, ‘पारालेलो’ही आहे, कुणाच्या कानाला काही होत नाही. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये या जोडीचा उच्चार साधारण ‘झे लो’ असा होता, त्याचं पुढे ‘से लो’ झालं.

‘से’ म्हणजे त्याला, तिला, त्यांना की तुम्हाला, हे कळत नसेल तर शेवटी ‘आ एया’, ‘आ एयोस’ जोडा. मेक्सिकोत ‘त्यांना ते सांगितलं’साठी ‘से लोस दिखे’ असं अनेकवचन ‘लो’वर चढवलेलं ऐकाल. समजून घ्या, परीक्षेत लिहू नका.

६. नाव घेतलं तरी ‘ले’ ठेवा. ‘ले दी एल लिब्रो आ मारिया’: ‘तिला पुस्तक दिलं, मारियाला’. मराठी कानाला दुरुक्ती वाटते, पण स्पॅनिशमध्ये हेच नैसर्गिक आहे. नाव वाक्याच्या सुरुवातीला आलं किंवा ‘आ एल’, ‘आ मी’ असं सर्वनाम आलं की ‘ले’, ‘मे’ सक्तीचंच. पण नाव क्रियापदानंतर आलं तर ही सूट ‘लो’, ‘ला’ला देऊ नका. ‘ला वी आ मारिया’ अर्जेंटिनात सहज बोलतात, इतरत्र ‘वी आ मारिया’ पुरे.

७. ‘चा’, ‘ची’, ‘चे’ जिथे येतं तिथेही ‘ले’ शोधा. त्याचा मोबाइल चोरला: ‘ले रोबारोन एल मोव्हिल’. माझं डोकं दुखतंय: ‘मे दुएले ला काबेसा’. आणि माझ्या हातून पेला पडला: ‘से मे कायो एल व्हासो’. आपल्यासारखंच, पेला पडला, दोष कुणाचाच नाही. मात्र आपल्या ‘माझ्या हातून’च्या जागी तिथे नुसतं ‘मे’.