भाड्याच्या गाडीला आपला डॅशकॅम कसा लावावा

गेल्या मे महिन्यात अंबाजोगाईला मामेबहिणीचं लग्न होतं. आमची गाडी गॅरेजला होती, म्हणून छत्रपती संभाजीनगरहून तीन दिवसांसाठी सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली. बीड, मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाई, दुसऱ्या दिवशी परळीला वैजनाथाचं दर्शन, तिसऱ्या दिवशी परत. गाडी कुठे घासली नाही, कुठे धडकली नाही. परत देताना मात्र पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी खालच्या बाजूला एक ओरखडा निघाला आणि तो आमच्या नावावर लागला. माझा डॅशकॅम, म्हणजे काचेवर लावलेला, रस्त्याचं सतत चित्रीकरण करणारा छोटा कॅमेरा, तिन्ही दिवस चालू होता, पण त्यात मेमरी कार्ड होतं 32 जीबीचं. उघडून पाहिलं तर शेवटच्या साडेचार तासांचंच चित्रीकरण शिल्लक होतं. आधीचं सगळं कॅमेऱ्याने नव्या चित्रीकरणाला जागा करण्यासाठी पुसून टाकलं होतं. डिपॉझिटमधून 4,000 रुपये कापले गेले.

तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. स्वतःच्या गाडीतला डॅशकॅम अपघाताच्या दहा सेकंदांसाठी असतो. भाड्याच्या गाडीत किंवा सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीच्या काळात दिलेल्या कर्टसी कारमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं. तिथे आपल्याला काहीच घडलं नाही हे दाखवायचं असतं, आणि त्यासाठी प्रवासाचा तास न् तास जपावा लागतो. शिवाय गाडी परक्याची, म्हणून कॅमेरा असा लावायचा की पाच मिनिटांत निघेल आणि मागे डागही राहणार नाही.

घरून निघण्याआधी

बाहेर फिरवायचा कॅमेरा लहान, एका काचेपुरता, पुढचं दृश्य टिपणारा असला तरी पुरतो. विकत घेताना किमतीच्या आधी एकच गोष्ट विचारा: आत बॅटरी आहे की कपॅसिटर (काही सेकंदांपुरती वीज साठवणारा भाग)? मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत काचेजवळचं तापमान सहज साठीच्या पुढे जातं. लिथियमची छोटी बॅटरी अशा उष्णतेत फुगते, कधी कायमची निकामी होते. कपॅसिटरवाला कॅमेरा ऊन बराच जास्त सोसतो. तो वायर काढली की काही सेकंदांत बंद होतो, पण चालू असलेली फाइल नीट जतन करून बंद होतो. आपल्याला तेवढंच हवं.

आता कार्ड. 1080पी (फुल एचडी) चित्रीकरणाला सेकंदाला साधारण 15 मेगाबिट धरले तर तासाला पावणेसात जीबी लागतात. म्हणजे 32 जीबीत साडेचार-पावणेपाच तास, 64 जीबीत नऊ-साडेनऊ तास, 128 जीबीत एकोणीस तासांच्या आसपास. जास्त रिझोल्यूशन ठेवलंत तर हे तास त्याच प्रमाणात घटतात. लग्नाच्या किंवा देवदर्शनाच्या तीन दिवसांच्या फेरीत प्रत्यक्ष गाडी चालते ती बारा-पंधरा तास, म्हणून 128 जीबी घ्या. आपला कॅमेरा तेवढं मोठं कार्ड स्वीकारतो का, हे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पाहून घ्या. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच हवं. मोबाइलसाठीचं साधं कार्ड सतत लिहून-पुसून लवकर दगा देतं, आणि कार्ड मेलं आहे हे नेमकं हवं त्या दिवशी कळतं.

निघायच्या आदल्या रात्री कॅमेरा घरीच चालू करा, कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा आणि तारीख-वेळ तपासा. हे शेवटचं काम कंटाळा न करता कराच. कॅमेरा महिनाभर कपाटात पडून राहिला की आतला छोटा सेल उतरतो आणि तारीख कारखान्यातल्या कुठल्यातरी जुन्या वर्षावर जाते. मग चित्रीकरणावर चुकीची तारीख छापली जाते आणि समोरचा माणूस पहिलं बोट तिच्यावरच ठेवतो. जीपीएस असलेल्या कॅमेऱ्यात भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे (+5:30) अशी लावलेली आहे ना, तेही पाहा.

पिशवीत एवढं असू द्या: साडेतीन मीटरची वायर, दोन यूएसबी तोंडांचा लायटर सॉकेटचा चार्जर, स्टॅटिक स्टिकरचे (गोंदाशिवाय काचेला बसणाऱ्या फिल्मचे) दोन-तीन तुकडे, काच पुसायचं मऊ कापड.

गाडी ताब्यात घेताना

आधी नंबरप्लेट पाहा. अधिकृत सेल्फ-ड्राइव्ह गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीतून ‘दिवसाचे इतके द्या आणि घेऊन जा’ म्हणून मिळणारी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण खासगी गाडी पैसे घेऊन भाड्याने देणं परवान्याच्या नियमांत बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. अशा गाडीत कितीही चांगला कॅमेरा लावला तरी ही उणीव भरून निघत नाही.

मग मालकाला किंवा कंपनीला एका ओळीचा निरोप पाठवा: ‘पुढच्या काचेवर काढता येणारा डॅशकॅम लावतो आहे, गाडीच्या वायरिंगला हात लावणार नाही.’ तोंडी सांगू नका, लिहून पाठवा. करारात बाहेरची उपकरणं लावण्याबद्दल काही अट असेल तर ती याच वेळी कळते.

डॅशकॅमने गाडीभोवतीचे ओरखडे टिपता येत नाहीत. त्याची नजर रुंद आणि दूरची असते, हातभर अंतरावरचं त्याला धूसर दिसतं. हे काम मोबाइलचं. गाडी धुतलेली नसेल तर बाटलीभर पाणी मारून धूळ काढायला सांगा, काळ्या मातीच्या थराखाली डेंट दिसत नाही. सलग एकच व्हिडिओ काढा: नंबरप्लेट, मग चारही बाजू, चारही चाकांच्या रिम, काचेवरचे खड्यांचे टवके, आणि वाकून बंपरची खालची कड. मी तिथेच वाकलो नव्हतो. शेवटी किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा. देणारा माणूस शेजारी उभा असताना हे करा आणि व्हिडिओ त्याला लगेच पाठवा.

काचेवर जागा

सर्वांत चांगली जागा आरशाच्या मागे, चालकाच्या डोळ्यांआड. ड्रायव्हरसमोरची काच झाकली जाता कामा नये. नव्या गाड्यांत आरशामागे पावसाचा सेन्सर किंवा गाडीचा स्वतःचा कॅमेरा असतो, त्यावर आपला कॅमेरा किंवा वायर येऊ देऊ नका. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, तिथे स्टिकर किंवा सक्शन कप धरत नाही. त्याखाली स्वच्छ काचेवर यायचं. वायपर फिरतो त्या पट्ट्यात कॅमेरा आला पाहिजे, नाहीतर परतीच्या पावसात चिखलाचा एक शिंतोडा उडाला की पुढचे दोन तास पडद्यावर फक्त तपकिरी डाग.

सक्शन कप की चिकटपट्टी? माझं मत स्टॅटिक स्टिकरला. ही पातळ पारदर्शक फिल्म गोंदाशिवाय काचेला घट्ट बसते. काच आतून पुसा, कोरडी होऊ द्या, फिल्म लावा, एटीएम कार्डासारख्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने आतले हवेचे फुगे बाहेर काढा आणि कॅमेऱ्याची चिकटपट्टी त्या फिल्मवर लावा. परत देताना कोपरा नखाने उचलला की सगळं एकत्र निघतं. सक्शन कप हिवाळ्यात ठीक चालतो. उन्हाळ्यात आमच्याकडे भर दुपारी तो सुटून कॅमेरा डॅशबोर्डवर आपटतो, हे मी दोनदा पाहिलं आहे. काचेला थेट चिकटपट्टी लावू नका. ती खरवडून काढताना डाग आणि वाद दोन्ही राहतात.

दिशा लावताना क्षितिज चित्राच्या मधोमध किंवा किंचित वर ठेवा, खाली बॉनेटची बारीक कड दिसू द्या. आकाश जास्त आलं तर कॅमेरा उजेडाला भुलतो आणि रस्ता काळा पडतो. डॅशबोर्डवर कागद, पांढरा रुमाल, प्रसादाची पुडी ठेवू नका. उन्हात त्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि नेमकं समोरच्या गाडीवर येतं.

वायर

लायटर सॉकेटमधूनच वीज घ्या. फ्यूज बॉक्सला किंवा स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो त्या तोंडाला) हात लावायचा नाही, ती परक्याची गाडी आहे. गाडीच्या यूएसबी पोर्टलाही जोडू नका. अनेक गाड्यांत तो अर्ध्या अँपिअरपुरताच असतो आणि कॅमेरा सारखा बंद-चालू होत राहतो. काही म्युझिक सिस्टिम तर कॅमेऱ्यालाच पेनड्राइव्ह समजून बसतात.

वायर काचेच्या वरच्या कडेने छतात बोटाने हलकेच दाबत डाव्या बाजूला न्या आणि दाराच्या रबरी बीडिंगमधून खाली उतरवा. काचेशेजारच्या खांबाचं प्लास्टिक उचकटू नका. बऱ्याच गाड्यांत त्यामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, आणि तिच्या वाटेत वायर नको. डॅशबोर्डवरच्या डाव्या एअरबॅगच्या झाकणावरूनही वायर नेऊ नका. गिअर आणि पेडल यांच्यापासून ती लांब राहील एवढं पाहा.

आधी इंजिन सुरू करा, मग कॅमेरा जोडा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही सॉकेट चालू राहतं. पहिल्याच थांब्यावर चावी काढून पाहा: कॅमेरा बंद झाला नाही तर मुक्कामी चार्जर हाताने काढावा लागेल, नाहीतर सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली सापडेल.

रस्त्यावर

ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, बीड, लातूर, धाराशिव, जालना, परभणीकडे रात्री गाडी चालवणाऱ्याला दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर हमखास भेटतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. कॅमेरा तुम्हाला तो आधी दाखवणार नाही, त्यासाठी वेगच कमी हवा. आणि हेडलाइटच्या झोतात रात्री बहुतेक कॅमेऱ्यांना नंबरप्लेट वाचता येत नाही, ती पांढरी होऊन जाते. म्हणून माइक चालू असेल तर कट मारून गेलेल्या गाडीचा नंबर मोठ्याने म्हणा. चित्रात नसला तरी आवाजात राहतो.

समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. कॅमेरा जीपीएसवाला असेल तर तो तुमचाही वेग चित्रावर छापतो. तो दोन्ही बाजूंचा साक्षीदार आहे, हे डोक्यात ठेवूनच पाय द्यावा.

अजिंठा पाहायला गेलात तर फर्दापूरजवळ गाडी ठेवून बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं आणि गाडी चार-पाच तास उन्हात राहते. अशा ठिकाणी कॅमेरा काढून सोबत घ्या. ऊन हे एक कारण, आणि काचेवर दिसणारी वस्तू काच फोडायला निमंत्रण देते हे दुसरं.

दररोज मुक्कामी कार्डातलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या. लॅपटॉप नसेल तर दुसरं कार्ड घाला आणि पहिलं डबीत ठेवा.

ड्रायव्हरसह गाडी केली असेल तर आधी विचारा: ‘दादा, पुढे कॅमेरा लावू का? रस्त्याचंच दिसेल, आवाज बंद ठेवतो.’ दिवसभर तो माणूस तुमच्या कुटुंबाला सांभाळून नेणार असतो. त्याला न सांगता त्याचं बोलणं रेकॉर्ड करणं मला पटत नाही. तो नको म्हणाला तर आग्रह करू नका.

काही घडलंच तर

आधी माणसं. जखमी असेल तर 108 वर रुग्णवाहिका, 112 वर पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमीला मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर 24 तासांत कळवावं लागतं. मग गाडीच्या कंपनीला फोन.

कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाबा, म्हणजे ती फाइल पुसली जाणार नाही. धक्का बसला की तो फाइल स्वतः लॉक करतो, पण हलक्या घासण्याने करेलच असं नाही. त्यानंतर कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेवा. मूळ कार्ड कोणाच्याही हाती सहज देऊ नका, प्रत द्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आक्रसतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रकरण कोर्टात गेलं तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा, मजकूर जरा बदलला तरी बदलणारा खूणक्रमांक) लिहायची असते. म्हणूनच मूळ फाइल कापू नका, वकिलाला आहे तशी द्या. तिचं नावही बदलू नका. आणि ती समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यात अपघातातल्या माणसाचं घर-दार असतं.

परत देताना

पोहोचण्याआधी एखाद्या पंपावर थांबून कॅमेरा, वायर, फिल्म सगळं काढा, काच पुसा. मग कंपनीच्या आवारात पुन्हा तोच सलग व्हिडिओ, त्याच क्रमाने, बंपरखाली वाकून. गाडीच्या म्युझिक सिस्टिममधून आपला फोन काढून टाका, नाहीतर नाव आणि संपर्क पुढच्या भाडेकरूच्या हाती राहतात.

ओरखड्यावरून वाद निघालाच तर आवाज चढवू नका. पहिला व्हिडिओ, शेवटचा व्हिडिओ आणि मधल्या सगळ्या तासांचं चित्रीकरण आपल्याकडे आहे एवढं सांगा, आणि नुकसानीचं कारण, तारीख, दुरुस्तीचं बिल लेखी मागा. डिपॉझिट पूर्ण खात्यात जमा झाल्यावरच कार्ड फॉरमॅट करा.