आधी विमान, मग कार्ड: किराण्याच्या खर्चातून विमानाचं तिकीट कसं काढावं

माझ्या मेव्हण्यानं दोन वर्षांपूर्वी विमान कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड घेतलं. किराणा, औषधं, मुलांची पुस्तकं, सगळं त्याच कार्डावर, कारण अशा खर्चावर मिळणारे पॉइंट साठले की त्यांवर विमानाचं तिकीट निघतं. मागच्या दिवाळीत घरी आला आणि म्हणाला, "दाजी, पॉइंट तर लई जमलेत, पण ही कंपनी नांदेडला येतच नाही म्हणायलेत." आम्ही परभणीचे. आमच्यासाठी विमानतळ म्हणजे नांदेड, तासा-दीड तासाच्या अंतरावर. कार्ड घेताना ही गोष्ट त्याला कुणी विचारली नव्हती, आणि त्यानंही स्वतःला विचारली नव्हती.

म्हणून हे काम उलट्या बाजूनं सुरू करायचं. आधी आपण कुठून कुठं उडणार ते ठरवा, त्यावरून कंपनी, आणि कार्ड सगळ्यात शेवटी.

तुमचं विमान सुटतं कुठून?

संभाजीनगर, जालना, बीडकरांना चिकलठाणा विमानतळ जवळ. तिथून इंडिगो आणि एअर इंडिया या दोन्ही मोठ्या कंपन्यांची सेवा आहे. नांदेडला स्टार एअरसारख्या प्रादेशिक कंपनीवर भिस्त. लातूर-धाराशिवचा माणूस बहुधा हैदराबाद नाहीतर पुणे गाठतो. परभणी-नांदेडकरांनाही लांबच्या प्रवासाला हैदराबाद सोयीचं पडतं, कारण थेट रेल्वेनं सिकंदराबादला जाता येतं. वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं, तेव्हा चालू हंगामाचं बघा. गेल्या वर्षी होतं म्हणून यंदा असेलच असं नाही.

मग गेल्या दोन-तीन वर्षांत घरातलं कोण कुठं उडालं ते आठवा. तिरुपती, दिल्ली, पुण्या-बंगळुरूची नोकरी, जे असेल ते. वर्षाला एकही फेरी होत नसेल तर विमानाच्या पॉइंटांचा नाद सोडा आणि थेट कॅशबॅक देणारं कार्ड घ्या. पैसे खात्यात आलेले बरे.

फेरी होत असेल तर त्या कंपनीचं सदस्यत्व आजच घ्या. एअर इंडियाचा महाराजा क्लब (आधीचं नाव फ्लाइंग रिटर्न्स) आणि इंडिगोचं ब्ल्यूचिप, दोन्ही फुकट आहेत. नाव मात्र आधारवर जसं आहे तसंच टाका. वडिलांचं नाव मध्ये आलं-गेलं की पुढे पॉइंट जमा होताना कटकट होते. तिकीट काढताना सदस्य क्रमांक टाकला की कार्डाशिवायही प्रवासाचे पॉइंट मिळतात, आणि नेमका हाच रकाना आपण रिकामा सोडतो. पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका.

आता कार्ड, आणि त्याचा हिशोब

कार्डं साधारण दोन जातींची. एकावर विमान कंपनीचं नाव असतं आणि पॉइंट सरळ त्या कंपनीच्या खात्यात जातात. दुसऱ्यात पॉइंट बँकेकडे राहतात आणि हवं तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांकडे वळवता येतात. आपल्याकडे आज या कंपनीचं विमान आहे, उद्या नाही, अशी गत असल्यामुळं मला दुसरी जात बरी वाटते.

कोणतंही घ्या, आधी कागदावर आकडे मांडा. समजा कार्ड 100 रुपयांना 2 पॉइंट देतं आणि घरचा कार्डावर बसणारा खर्च महिन्याला 18,000 रुपये आहे. महिन्याला 360 पॉइंट, वर्षाला 4,320. आता एका पॉइंटची किंमत काढू. समजा एक तिकीट रोखीनं 6,500 रुपयांना आहे आणि तेच पॉइंटांवर 7,000 पॉइंट अधिक 1,200 रुपये कर-शुल्काला मिळतंय. म्हणजे 7,000 पॉइंटांनी 5,300 रुपये वाचवले. एक पॉइंट साधारण 75 पैशांचा. वर्षाचे 4,320 पॉइंट झाले 3,240 रुपयांचे. कार्डाची वार्षिक फी 1,500 असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 1,770 गेले. हातात राहिले 1,470. आणि त्या एका तिकिटाला लागणारे 7,000 पॉइंट जमायला एकोणीस-वीस महिने. जाहिरातीत विमान दिसतं, हे वीस महिने दिसत नाहीत.

फी माफ होण्यासाठी वर्षाला किती खर्च लागतो आणि कार्ड घेताना पहिल्या वर्षी बोनस पॉइंट किती मिळतात, हे दोन प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे. कधी कधी पहिल्या तिकिटाचा मोठा वाटा बोनसमधूनच निघतो.

हा हिशोब मोडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली दुकानात. मोंढ्यात खताच्या दुकानात मी कार्ड काढलं तर दुकानदार म्हणाला, "घासायचं असंल तर दोन टक्के वर लागतेत, भाऊ." वरच्या उदाहरणात आपली कमाई आहे दीड टक्का. तिथं रोख द्या नाहीतर साधं यूपीआय करा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, दुकानाचा क्यूआर स्कॅन केला की झालं. पण काही कार्डं अशा खर्चावर पॉइंट कमी देतात, आणि ओळखीच्या माणसाच्या खात्यावर असे पैसे पाठवता येत नाहीत.

दुसरी गोष्ट व्याज, आणि ती जास्त वाईट. बिल पूर्ण भरलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. 18,000 वर झाले 630, वर जीएसटी, म्हणजे 743 रुपये. महिन्याचे पॉइंट 270 रुपयांचे. एक महिना चुकला की पावणेतीन महिन्यांची कमाई गेली. शिवाय बिल थकलं की बिनव्याजी मुदत उठते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. तेव्हा कार्ड हातात आल्या आल्या बँकेच्या ॲपमध्ये ऑटो-डेबिट लावा. तिथं दोन पर्याय येतात: टोटल ड्यू (पूर्ण बिल) आणि मिनिमम ड्यू (किमान रक्कम). टोटल निवडा. मिनिमम भरून दंड चुकतो, व्याज चुकत नाही.

शेतीवर घर चालत असेल तर इथं जरा थांबा. बियाणं-खत जूनमध्ये घ्यायचं आणि सोयाबीनचे पैसे यायचे दिवाळीच्या तोंडावर. मधे चार महिने. कार्डाची बिनव्याजी मुदत फार तर 45-50 दिवस. पेरणीचा खर्च कार्डावर टाकून पॉइंट कमावणं म्हणजे घरात 4 टक्क्यांवर येणारं पीककर्ज असताना 42 टक्क्यांचं कर्ज काढणं. महिन्याला पगार येणाऱ्यांनी आणि रोजचा गल्ला असणाऱ्यांनीच हा खेळ खेळावा.

कार्डावर काय टाकायचं हेही बघून घ्या. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. वीजबिल आणि विम्यावर अनेकदा मर्यादा असते. एटीएममधून कार्डावर रोख काढू नका, त्यावर त्याच दिवसापासून व्याज आणि वेगळी फी. आणि खर्च तोच ठेवा. पॉइंटांसाठी मोठा टीव्ही घेतला तर मग तो टीव्ही आहे, पॉइंट नव्हेत.

पॉइंट वापरताना

इथं माझा स्वतःचा हात पोळला आहे. मे महिन्यात मुलीला परीक्षेसाठी दिल्लीला न्यायचं होतं. हैदराबादहून दोन जागा पॉइंटांवर काढू म्हणून मी बँकेतले पॉइंट आधीच विमान कंपनीकडे वळवून टाकले. ते पोचायला चार दिवस लागले, आणि तोवर पॉइंटांवरची जागाच उरली नव्हती. रोखीनं तिकीट काढलं. वळवलेले पॉइंट परत बँकेत येत नाहीत. त्यातले निम्मे पुढे मुदत संपून गेले.

तेव्हा क्रम असा: आधी कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या तारखेला पॉइंटांची जागा आहे का ते बघा, मग वळवा, आणि पोचल्या पोचल्या तिकीट काढा. दिवाळी आणि मे ची सुट्टी टाळता आली तर टाळा. जून-जुलै किंवा फेब्रुवारीत आठवड्याच्या मधल्या वारी जागा मिळण्याचा संभव जास्त. रोखीचं तिकीट 3,000 ला मिळत असेल तर रोखीनंच काढा आणि पॉइंट महागड्या तारखेसाठी राखा. रद्द केल्यास किती कापतात तेही आधी वाचा.

राखा म्हणजे साठवा असं मात्र नाही. सोयाबीन भाव वाढेल म्हणून आपण घरात ठेवतो. पॉइंटांचा भाव उलटाच चालतो, तेच तिकीट पुढच्या वर्षी जास्त पॉइंट मागतं. कंपनीचाही भरवसा नसतो. किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात मिसळली तेव्हा सदस्यांचे पॉइंट निदान तिकडे वळते झाले, दर वेळी तसं नशीब असेलच असं नाही. एका-दोघांच्या तिकिटापुरते जमले की उडा.

मेव्हण्याचे पॉइंट शेवटी कंपनीच्या भेटवस्तूंच्या यादीत गेले. 7,000 पॉइंटांचं 1,750 रुपयांचं व्हाउचर, म्हणजे पॉइंटला 25 पैसे. त्यात त्यानं मिक्सर घेतला. आता नवं कार्ड घ्यायचं म्हणतोय, आणि या वेळी आधी मला हैदराबादच्या विमानांची यादी विचारलीय.