यादीत नवीन ओळ टाकायचीय? इनरएचटीएमएल प्लस-इक्वल नको

समजा पेजवर किराण्याची यादी आहे, वर एक इनपुट, बाजूला 'टाका' बटण आणि खाली रिकामा यूएल, म्हणजे यादीचा टॅग. तूरडाळ टाइप करून बटण दाबलं की खाली नवीन एलआय, म्हणजे यादीतली एक ओळ, यायला पाहिजे, एवढंच काम. जावास्क्रिप्ट नवीन शिकणारे बहुतेक जण इथे यूएलच्या इनरएचटीएमएलला, म्हणजे त्याच्या आतल्या एचटीएमएलला, प्लस-इक्वल (+=) करून ओळ चिकटवतात, मीही कितीतरी महिने तेच करायचो कारण पहिल्यांदा ते मस्त चालतं.

पण आत काय होतं बघा. ब्राउझर आधीची सगळी यादी स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, म्हणून बाहेर काढतो, तुमची ओळ शेवटी जोडतो आणि जुने एलिमेंट फेकून देऊन सगळी यादी पहिल्यापासून परत बनवतो, म्हणजे चेकबॉक्सवर केलेली टिक गेली, डिलीट बटणाला लावलेला क्लिक लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) पण गेला. माझं डिलीट फक्त शेवटच्या ओळीचं चालायचं, बाकीची बटणं मेलेली, एरर एकही नाही, दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

त्यापेक्षा असं करा. डॉक्युमेंट डॉट क्रिएटएलिमेंटने एलआय बनवा, त्याच्या टेक्स्टकंटेंटमध्ये इनपुटची व्हॅल्यू टाका आणि मग यूएल डॉट अपेंड करून तो एलआय द्या. अपेंड करेपर्यंत तो पेजवर दिसत नाही, फक्त मेमरीत असतो, त्यामुळे क्लास, बटण, लिसनर सगळं आधीच लावून घ्या. वरच्या टोकाला हवा असेल तर प्रीपेंड, एखाद्या ओळीच्या आधी किंवा नंतर हवा असेल तर त्या ओळीवर बिफोर किंवा आफ्टर. आणि एक गोष्ट मला फार आवडते, पेजवर आधीच असलेला एलिमेंट अपेंड केला तर त्याची कॉपी होत नाही, तो उचलून तिकडे जातो, म्हणजे घेऊन झालेली वस्तू यादीच्या तळाला पाठवायची तर एका ओळीत काम होतं. कॉपीच पाहिजे असेल तर क्लोननोड.

टेक्स्टकंटेंटचा आग्रह का, तर युजरने टाइप केलेलं कधीही इनरएचटीएमएलमध्ये टाकू नका. त्यातून टाकलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही म्हणून लोक निवांत राहतात, पण चुकीचा सोर्स दिलेला इमेज टॅग आणि त्यात ऑनएरर लिहिलं तर तो कोड चालतो, आणि यादी घरातल्या चौघांत शेअर होत असेल तर चौघांच्या ब्राउझरमध्ये चालतो. टेक्स्टकंटेंट त्याला निव्वळ अक्षरं म्हणून दाखवतो, विषय संपला.

एचटीएमएल स्वतः लिहिलेलं असेल, बाहेरचं काही त्यात नसेल, तर इन्सर्टअ‍ॅडजेसंटएचटीएमएल वापरा, जागा 'बिफोरएंड' (यूएलच्या आत, शेवटी) द्या, ते आधीच्या ओळींना हात लावत नाही. हे मूळचं इंटरनेट एक्सप्लोररचं, फायरफॉक्समध्ये २०११ साली ८ व्या व्हर्जनला आलं, त्यामुळे आज सपोर्टची काळजी नाही. डॉक्युमेंट डॉट राइट मात्र विसराच, पेज लोड झाल्यावर वापरलं तर अख्खं पेज पुसलं जातं.

आणि हे सगळं बरोबर लिहूनही ब्राउझरच्या कन्सोलमध्ये नलची, म्हणजे एलिमेंट सापडलाच नाही अशी, एरर आली तर बहुतेक वेळा स्क्रिप्ट हेडमध्ये आहे आणि यूएल अजून बनलेलाच नाही, फाइलच्या स्क्रिप्ट टॅगला डिफर लावा, म्हणजे अख्खं एचटीएमएल वाचून झाल्यावरच ती चालेल.