सफारीचं बुकिंग जुनं, दर नवा: जादा पैसे देण्याआधी काय तपासाल?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातलं ऑगस्ट-सप्टेंबरचं प्राण्यांचं स्थलांतर बघायचं, तेही नदीकाठच्या कॅम्पवरून आणि फोटोग्राफीची जाण असलेल्या गाइडबरोबर, तर दीड-दोन वर्षं आधी पैसे भरून ठेवावे लागतात. मग निघायला चार-सहा महिने उरले की टूरवाल्याचा मेसेज येतो, ‘खर्च वाढलाय, माणशी 700 डॉलर जादा लागतील.’ आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपचा हिशेब माझ्याकडे असतो. बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर नोकरी झाली, म्हणून ते काम आपसूक माझ्याकडे आलं. असा मेसेज आला की सगळे विचारतात, ‘ताई, द्यायचे का?’ मी सांगते, वाढ नेमकी कशात झाली ते कळेपर्यंत हो म्हणू नका आणि भांडूही नका.

दोन वर्षांनंतरचा खरा भाव टूरवाल्यालाही ठाऊक नसतो. कॅम्पवाले दर त्या त्या वर्षासाठी जाहीर करतात, तोवर तो अंदाजाने आकडा देतो. म्हणून वाढ मागितली की लबाडी, असं मी मानत नाही. पण ‘खर्च वाढला’ एवढ्या दोन शब्दांवर पैसेही देत नाही. आधी कोटेशनची फोड मागवा: पार्क फी, राहणं-जेवण, गाडी आणि गाइड, आणि त्याचं स्वतःचं कमिशन. मग एकेक रक्कम तपासा.

पार्क फी सरकारी, ती पडताळायला सोपी. 2024 पासून मसाई मारात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर पडतात. तुमच्या जुन्या कोटेशनमध्ये 100 धरले असतील आणि तीन दिवसांची फी असेल, तर माणशी 300 डॉलरची वाढ रास्त आहे. ती द्या, घासाघीस करू नका, कारण ते पैसे टूरवाल्याला मिळत नाहीत. राहिले 400. त्यांचं स्पष्टीकरण त्याने द्यायचं.

इथे बहुतेक वेळा ‘डिझेल महागलं’ असं ऐकायला मिळतं. केनियात इंधनाचे दर तिथलं नियामक मंडळ दर महिन्याला जाहीर करतं, ते कुणालाही बघता येतात. समजा, नैरोबीहून जाऊन-येऊन आणि आतल्या फेऱ्या धरून लँड क्रूझरला 180 लिटर लागलं आणि लिटरमागे 20 शिलिंग वाढले. एकूण 3,600 शिलिंग झाले, डॉलरला 129 शिलिंग धरले तर साधारण 28 डॉलर. गाडीत सहा जण असतील तर माणशी पाच डॉलरसुद्धा होत नाहीत. हा हिशेब मेसेजमध्ये लिहून पाठवला की डिझेलचा विषय संपतो.

गाडीचं भाडं मात्र नीट बघा. ते माणसांवर नसतं, अख्ख्या गाडीचं असतं. सहांतला एक गळाला की उरलेल्या पाचांवर त्याचा वाटा येतो आणि पुष्कळदा हीच वाढ ‘महागाई’ म्हणून सांगितली जाते. गळालेल्याचा अॅडव्हान्स टूरवाल्याने जप्त केला असेल, तर आधी त्यातून ती तूट भरून काढायला सांगा. एकाच जागेचे पैसे दोनदा का द्यायचे?

कॅम्पच्या वाढीसाठी त्या वर्षाचं छापील दरपत्रक मागा. खरी वाढ असेल तर ते लगेच मिळतं.

आता डॉलर. जानेवारी 2024 मध्ये तो 83 रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर 2025 मध्ये नव्वदीपार गेला. 3,000 डॉलरची टूर 83 ने 2,49,000 रुपयांची, 90 ने 2,70,000 ची. टूरवाल्याने एक सेंटही न वाढवता 21,000 रुपये वाढले. हा फरक मान्य करायचा, पण फक्त न भरलेल्या डॉलरवर आणि पैसे भरायच्या दिवशीच्या बँकेच्या दराने. निम्मी रक्कम आधीच भरली असेल तर वाढही निम्मीच. पूर्ण रकमेवर फरक लावलेला दिसला तर तिथेच थांबा.

नवीन बुकिंग करणार असाल तर सगळ्यात मोठा फायदा सरकारी परवाना आधी काढून घेण्यात आहे. रवांडाने मे 2017 मध्ये गोरिला परमिट, म्हणजे जंगलात गोरिला बघायचा परवाना, 750 वरून थेट 1,500 डॉलर केलं, तेव्हा ज्यांनी ते आधीच विकत घेतलं होतं त्यांना जुनाच दर राहिला. ज्यांच्या टूरवाल्याने नुसता अॅडव्हान्स घेऊन ठेवला होता, त्यांच्याकडे दाखवायला परमिट नव्हतं. म्हणून पावती ‘टूरचा अॅडव्हान्स’ अशी घेऊ नका. परमिटचा नंबर मागा.

आणि पैसे भरण्याआधी हे ईमेलवर कबूल करून घ्या: ‘सरकारी फी वाढल्यास तेवढाच फरक, पुराव्यासह. इतर वाढ एकूण रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत. त्याहून जास्त झाल्यास आम्हाला पूर्ण परतावा घेऊन बाहेर पडता येईल.’ 5 ऐवजी 7 वर तडजोड झाली तरी चालेल, शेवटचं वाक्य मात्र सोडू नका.

टूरवाला ऐकतच नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. ही वाट भारतातल्या टूरवाल्यासाठी सोपी आहे. नैरोबीच्या कंपनीला परस्पर पैसे पाठवले असतील तर वसुली फार अवघड जाते, म्हणून तिथे अॅडव्हान्स जितका कमी ठेवता येईल तितका ठेवा.